फिब्युला: एक लॅटिन नाव मुळापासून कसं उलगडायचं

एमबीबीएस, बीएएमएस, फिजिओथेरपी किंवा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आलेले विद्यार्थी हाडांची नावं पाठ करायला एक वही घालतात. डावीकडे लॅटिन नाव, उजवीकडे अर्थ. टिबिया म्हणजे बासरी, पटेला म्हणजे छोटी थाळी, क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली. अशी वही व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, फारशी कामाला येत नाही. अर्थ तोंडपाठ असतो, पण परीक्षकाने ‘इन्सिसुरा फिब्युलारिस दाखवा’ म्हटलं की हात चुकीच्या हाडाकडे जातो.

त्यापेक्षा एकच शब्द घ्या आणि तो पुरता सोडवा. सुरुवातीला फिब्युलाइतका सोयीचा शब्द नाही. नडगीच्या बाहेरच्या बाजूचं हे बारीक, लांब हाड. आयुर्वेदाच्या संस्कृत-मराठी पुस्तकांत त्याला अनुजंघास्थी म्हणतात. त्याच्या लॅटिन नावाला एक ग्रीक जुळं नाव आहे, मागे पडलेलं एक जुनं नाव आहे, आणि या नावावरून स्नायू, नसा, रक्तवाहिनी, अस्थिबंध अशी डझनभर नावं निघाली आहेत. या एका शब्दावर दोन संध्याकाळी घालवल्या तर पुढच्या पन्नास नावांचे कष्ट वाचतात.

लागणारं सामान थोडं आहे: बोन सेटमधली एकाच बाजूची टिबिया (नडगीचं जाड हाड) आणि फिब्युला, एक सेफ्टी पिन, पेन्सिल आणि कोरा कागद. पुस्तक पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत मिटूनच ठेवा.

पायरी १: नावाआधी हाड

फिब्युलाची बाजू ओळखणं नवख्यांना अवघड जातं, कारण दोन्ही टोकं पहिल्या नजरेला सारखीच फुगीर दिसतात. वरचं टोक म्हणजे डोकं. ते गोलसर, काहीसं चौकोनी असतं, त्यावर बाहेर-मागच्या बाजूला एक छोटं शिखर असतं आणि टिबियाला टेकणारी गुळगुळीत जागा वर-आतल्या दिशेला असते. खालचं टोक चपटं आणि खाली निमुळतं, म्हणजे आपल्या पायाचा बाहेरचा घोटा. त्याच्या आतल्या बाजूला उभी त्रिकोणी गुळगुळीत जागा असते आणि तिच्या मागे बोटाला लागणारा खळगा असतो. हाच खळगा बाजू ठरवतो.

घोटा खाली धरा. खळगा आपल्याकडे, म्हणजे मागे करा. आता त्रिकोणी जागा जिकडे तोंड करून आहे ती शरीराची आतली बाजू. त्रिकोण डावीकडे पाहत असेल तर हाड उजव्या पायाचं, उजवीकडे पाहत असेल तर डाव्या पायाचं. ही ओळख चुकते ती बहुतेक वेळा खळगा न शोधता नुसता त्रिकोण बघितल्यामुळे. हाड उभ्या अक्षाभोवती फिरलं की त्रिकोणाची दिशाही फिरते, त्यामुळे आधी खळगा मागे बसवायचा आणि मगच त्रिकोण बघायचा.

पायरी २: शेवट नीट तोडा

‘फिब्युला’च्या शेवटी ‘उला’ दिसतं आणि लॅटिनमध्ये ‘उला’, ‘कुला’, ‘एला’ हे लहानपणा दाखवणारे प्रत्यय आहेत असं कुठेतरी वाचलेलं असतं. त्यावरून ‘फिब’ नावाची काहीतरी मोठी वस्तू आणि तिचं छोटं रूप फिब्युला, अशी समजूत होते. ती चुकीची आहे. इथे प्रत्यय ‘बुला’ आहे आणि तो साधन दाखवतो: ज्याने एखादं काम होतं ती वस्तू. मूळ धातू ‘फिगेरे’, म्हणजे रोवणं, घट्ट बसवणं. त्याचं जुनं रूप ‘फिवेरे’ असंही नोंदलेलं आहे. म्हणून फिब्युला म्हणजे घट्ट बसवण्याचं, अडकवण्याचं साधन.

खऱ्या लघुरूपाचं उदाहरण हवं तर याच हाडाच्या खालच्या टोकाकडे बघा. घोट्याला मॅलिओलस म्हणतात. मॅलिअस म्हणजे हातोडा, मॅलिओलस म्हणजे छोटा हातोडा. कानातल्या पहिल्या हाडाचं नाव मॅलिअस आहे ते त्याच शब्दावरून. घोटा त्या कानातल्या हाडापेक्षा कितीतरी मोठा, तरी नावाने ‘छोटा’. नावं ठेवणाऱ्यांनी दोन हाडांची मापं समोरासमोर ठेवलेली नव्हती, हे लक्षात ठेवलं की अशा विसंगतींनी गोंधळायला होत नाही.

पायरी ३: वस्तू डोळ्यांसमोर आणा

रोमन माणसाला फिब्युला म्हटल्यावर हाड आठवत नसे. त्याच्या लेखी ती खांद्यावर वस्त्र अडकवण्याची धातूची पिन होती. युरोपभरच्या उत्खननांत अशा पिना मोठ्या संख्येने सापडतात आणि पुरातत्त्वज्ञ आजही त्यांना फिब्युलाच म्हणतात. बांधकामातल्या पकडीलाही हाच शब्द होता. इसवी सनपूर्व ५५ मध्ये ऱ्हाईन नदीवर बांधलेल्या पुलाच्या वर्णनात ज्युलियस सीझरने लाकडं जखडून ठेवणाऱ्या पकडींना फिब्युला म्हटलं आहे.

आता सेफ्टी पिन उघडून कागदावर ठेवा. वॉल्टर हंट या अमेरिकन कारागिराने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं, पण रचना रोमन फिब्युलाचीच: एक जाड बाजू, तिच्याशेजारून जाणारी बारीक सुई, आणि दोन्ही टोकांना त्यांची गाठ. तिच्याशेजारी टिबिया आणि फिब्युला जोडून ठेवा. टिबिया ही जाड बाजू, फिब्युला ही सुई. दोन्ही हाडं वर आणि खाली एकमेकांना भेटतात, मधे लांबट फट राहते. या फटीत जिवंत शरीरात आंतरास्थी पटल, म्हणजे दोन हाडांना जोडणारा पडदा असतो.

इथे एक बारकावा आहे. हे एकटं हाड म्हणजे पूर्ण पिन नव्हे. दोन हाडांची जोडी मिळून पिनेचा आकार होतो आणि आपलं हाड त्यातली सुई आहे. हाड दोन भागांना ‘बांधून ठेवतं’ म्हणून हे नाव, असंही स्पष्टीकरण काही जण देतात. व्हायवात विचारलं तर आकाराचंच कारण सांगावं. त्याला पुढच्या पायरीतला ग्रीक शब्द भक्कम आधार देतो.

पायरी ४: ग्रीक जुळं नाव शोधा

ग्रीक वैद्य या हाडाला ‘पेरोने’ म्हणत. पेरोने म्हणजे टोचणारी सुई, वस्त्राची पिन. लॅटिनमधलं फिब्युला हे त्या ग्रीक नावाचंच भाषांतर. म्हणजे एका कल्पनेची दोन भाषांतली दोन नावं शरीररचनेत शिरली आणि दोन्ही टिकली. हाडाला लॅटिन नाव चिकटलं. त्याला लागून असलेल्या स्नायूंना, नसांना आणि धमनीला ग्रीकवरून ‘पेरोनियल’ नाव पडलं.

ही दोन नावं एकच आहेत हे कोणी सांगितलं नाही तर विद्यार्थी पेरोनियल नर्व्ह आणि फिब्युलर नर्व्ह अशा दोन वेगळ्या नसा पाठ करतो. दर वर्षी हा गोंधळ होतो, आणि त्यात विद्यार्थ्याचा दोष नाही.

नावांच्या या गर्दीला शिस्त लावायचा पहिला मोठा प्रयत्न १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे झाला. तिथे ठरलेली यादी बाझल नोमिना अ‍ॅनाटोमिका म्हणून ओळखली जाते. आज चालते ती टर्मिनोलॉजिया अ‍ॅनाटोमिका, पहिली आवृत्ती १९९८ ची. तिने ‘फिब्युलारिस’ला पहिली पसंती दिली आणि ‘पेरोनियस’ला पर्यायी नाव म्हणून ठेवलं. यामागे व्यवहारी कारणही आहे. ‘पेरोनियल’ आणि ‘पेरिनियल’ यांत एका स्वराचा फरक. पेरिनियल म्हणजे गुदद्वार आणि जननेंद्रियांच्या भागाचं. घाईत लिहिलेल्या केस पेपरवर हा स्वर बदलला तर पायाची नस ओटीपोटाखाली जाते.

वॉर्डात आणि ऑर्थोपेडिक्समध्ये ‘पेरोनियल’ आजही रुळलेलं आहे, त्यामुळे दोन्ही नावं यायला हवीत. वहीत जोड्या अशा लिहा: फिब्युलारिस लाँगस म्हणजेच पेरोनियस लाँगस, फिब्युलारिस ब्रेव्हिस म्हणजेच पेरोनियस ब्रेव्हिस, कॉमन फिब्युलर नर्व्ह म्हणजेच कॉमन पेरोनियल नर्व्ह, फिब्युलर आर्टरी म्हणजेच पेरोनियल आर्टरी. उत्तरपत्रिकेत मात्र एकच पद्धत धरा. पहिल्यांदा नाव येईल तिथे ‘किंवा पेरोनियल’ लिहा आणि पुढे फिब्युलरच चालू ठेवा. पुस्तकाच्या पीडीएफमध्ये शोधताना दोन्ही शब्द टाकून बघा, नाहीतर निम्मी पानं हाती लागत नाहीत.

पायरी ५: मागे पडलेलं नाव

हे झटपट होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस या हाडाला ‘सुरा’ म्हणतो. आज सुरा म्हणजे पोटरी. तो शब्द ट्रायसेप्स सुरी या स्नायूच्या आणि सुरल नर्व्हच्या नावात उरला आहे. सुरल नर्व्ह पोटरीच्या मागून उतरते आणि बाहेरच्या घोट्याच्या मागून पावलाकडे जाते. तिथेच तिचं नाव आणि हाड शेजारी येतात. तेवढी खूण पुरे.

पायरी ६: ‘फिब्युली’ आणि ‘फिब्युलारिस’ यांतला फरक

सगळ्या लेखातली सर्वांत जास्त उपयोगाची पायरी हीच, आणि बहुतेक शिकवण्यांत ती गाळली जाते.

फिब्युला हा स्त्रीलिंगी शब्द. त्याची षष्ठी, म्हणजे ‘फिब्युलाचा, ची, चं’ हे रूप, लिहिताना शेवटी ‘एई’ असं जोडाक्षर घेते. इंग्रजी वळणाने त्याचा उच्चार ‘फिब्युली’ होतो, लॅटिन वळणाने ‘फिबुलाए’च्या जवळ जातो. कापुट फिब्युली म्हणजे फिब्युलाचं डोकं. कोलम फिब्युली म्हणजे मान. कॉर्पस फिब्युली म्हणजे दांडा. एपेक्स कॅपिटिस फिब्युली म्हणजे फिब्युलाच्या डोक्याचं शिखर, यात षष्ठी दोनदा आली आहे. षष्ठी दिसली की तो भाग त्याच हाडावर शोधायचा.

‘फिब्युलारिस’ हे विशेषण आहे: फिब्युलाशी संबंध असलेलं, फिब्युलाच्या बाजूचं, फिब्युलासाठी असलेलं. पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी नामाबरोबर ‘फिब्युलारिस’, नपुंसकलिंगी नामाबरोबर ‘फिब्युलारे’. म्हणून मुस्क्युलस फिब्युलारिस, आर्टेरिया फिब्युलारिस, पण लिगामेंटम कोलॅटराले फिब्युलारे. विशेषण असलेला भाग त्या हाडावर असेलच असं नाही.

इन्सिसुरा फिब्युलारिस घ्या. इन्सिसुरा म्हणजे खाच. ही ‘फिब्युलासाठीची खाच’ आहे आणि ती आहे टिबियाच्या खालच्या टोकाला, बाहेरच्या बाजूला. फिब्युला तिथे येऊन बसते. टिबियाच्या वरच्या टोकाला फेसीस आर्टिक्युलारिस फिब्युलारिस आहे. तीही टिबियावरच, फिब्युलाच्या डोक्याला टेकण्यासाठी. याच सांध्याची फिब्युलावरची जागा मात्र फेसीस आर्टिक्युलारिस कॅपिटिस फिब्युली, षष्ठीत. एकाच सांध्याच्या दोन समोरासमोरच्या जागा, आणि कुठली कुठल्या हाडावर आहे हे नावाच्या शेवटावरून कळतं.

आता दोन्ही हाडं हातात घेऊन या दोन जागा एकमेकींना टेकवा. वर एकदा, खाली एकदा. मोठ्याने नाव म्हणत टेकवलं तर हा नियम पुन्हा पाठ करावा लागत नाही.

पायरी ७: नाव जिथे फसवतं त्या जागा

गुडघ्याखालच्या पायातले स्नायू पुढच्या, बाहेरच्या आणि मागच्या कप्प्यांत विभागलेले असतात. नावात फिब्युला आहे म्हणून भाग बाहेरच्या कप्प्यातच असणार, असं गृहीत धरलं की दोन ठिकाणी हमखास चूक होते.

पहिली फिब्युलारिस टर्शियसची. टर्शियस म्हणजे तिसरा, त्यामुळे लाँगस आणि ब्रेव्हिसचा हा तिसरा भाऊ वाटतो. लाँगस आणि ब्रेव्हिस बाहेरच्या कप्प्यात आहेत, त्यांना सुपरफिशियल फिब्युलर नर्व्ह पुरवते, ते घोट्याच्या मागून जातात आणि पाऊल खालच्या दिशेला झुकवायला मदत करतात. टर्शियस पुढच्या कप्प्यात आहे, त्याला डीप फिब्युलर नर्व्ह पुरवते, तो घोट्याच्या पुढून जातो आणि पाऊल वर उचलतो. तिघेही पावलाचा तळवा बाहेरच्या बाजूला वळवतात, म्हणून नाव एक पडलं. काही माणसांत टर्शियस नसतोच. डिसेक्शनला सापडला नाही तर आपणच कापून टाकला असं धरून घाबरू नका.

दुसरी चूक फिब्युलर आर्टरीची. ती पोस्टेरियर टिबियल आर्टरीची फांदी आहे आणि मागच्या कप्प्यात, फिब्युलाच्या आतल्या कडेला चिकटून खाली जाते. बाहेरच्या कप्प्यात स्वतःची अशी मोठी धमनीच नाही. तिथल्या स्नायूंना रक्त मिळतं ते आरपार येणाऱ्या फांद्यांमधून. ‘लॅटरल कंपार्टमेंटची धमनी सांगा’ या प्रश्नाला नुसतं ‘फिब्युलर’ म्हणून थांबू नका. ती कुठून वाहते आणि फांद्या कशा पोचवते, तेही सांगा.

पायरी ८: नाव स्वतःच्या पायावर ठेवा

खुर्चीत बसून गुडघा काटकोनात वाकवा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या थोडं खाली, एक टणक उंचवटा लागतो. ते कापुट फिब्युली. मांडीच्या मागून बाहेरच्या बाजूने येणारी दोरीसारखी बायसेप्स फेमोरिसची कंडरा याच उंचवट्यावर येऊन संपते. फिब्युला गुडघ्याच्या मुख्य सांध्यात भाग घेत नाही, हेही इथेच बोटांना कळतं.

उंचवट्याच्या लगेच खाली मान. तिथे हाडावर बोट हळूच मागून पुढे सरकवलं तर काही जणांना दोरा निसटल्यासारखं जाणवतं. ती कॉमन फिब्युलर नर्व्ह. मानेला वळसा घालून पुढे येताना ती त्वचेच्या अगदी जवळ असते आणि तिच्याखाली थेट हाड असतं, म्हणून दाबायला सोपी. मानेपाशी घट्ट झालेलं प्लास्टर, मानेचं फ्रॅक्चर, बेशुद्धीत किंवा शस्त्रक्रियेत बाहेरच्या बाजूवर पडलेला दाब, तासन्तास उकिडवं बसणं, अशा कारणांनी ती दुखावते. मग पाऊल वर उचलता येत नाही आणि चालताना गुडघा उंच घ्यावा लागतो. यालाच फूट ड्रॉप म्हणतात.

नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी ही जागा बोटाने ओळखणं अत्यावश्यक आहे. गुडघ्याखालच्या प्लास्टरची वरची कडा मानेवर रुतत नाही ना, तिथे पुरेसं पॅडिंग आहे ना, हे बघा. प्लास्टरनंतर रुग्णाला पायाचा अंगठा वर उचलायला सांगा आणि अंगठा व शेजारच्या बोटामधल्या बेचक्यात स्पर्श कळतो का ते तपासा. अंगठा उचलत नसेल किंवा बेचकं बधिर असेल तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवा.

खाली उतरून बाहेरचा घोटा चाचपा. तो आतल्या घोट्यापेक्षा सुमारे १ सेंमी खाली आणि थोडा मागे असतो. एक बोट आतल्या घोट्याच्या टोकावर, दुसरं बाहेरच्या टोकावर ठेवलं की फरक लगेच दिसतो.

व्हायवात याच खालच्या टोकावरून एक प्रश्न ठरलेला असतो. लांब हाडांचा नियम असा की टोकाचं जे अस्थिकेंद्र (हाड तयार व्हायला जिथे सुरुवात होते ती जागा) आधी दिसतं ते दांड्याशी शेवटी जुळतं. फिब्युला याला अपवाद. खालच्या टोकाचं केंद्र पहिल्या वर्षी दिसतं आणि तेच आधी जुळतं. वरच्या टोकाचं तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसतं आणि नंतर जुळतं. ‘अपवाद आहे’ एवढंच सांगून थांबू नका, क्रमही सांगा.

पायरी ९: हीच पद्धत दुसऱ्या शब्दावर

‘बुला’ प्रत्यय हाताशी आला आहे तर मँडिब्युला घ्या. ‘मांडेरे’ म्हणजे चावणं, मँडिब्युला म्हणजे चावण्याचं साधन, खालचा जबडा. इथेही लघुरूप नाही.

या दोन हाडांची गाठ शस्त्रक्रियेतही पडते. कर्करोगामुळे खालच्या जबड्याचा भाग काढावा लागला तर रुग्णाच्याच फिब्युलाचा तुकडा फिब्युलर आर्टरीसकट उचलून, कापून जबड्याच्या वळणात बसवतात आणि धमनी मानेतल्या रक्तवाहिनीला जोडतात. जबड्यासाठी ही पद्धत अमेरिकन सर्जन डेव्हिड हिदाल्गो यांनी १९८९ मध्ये मांडली. तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग आपल्याकडे इतका आहे की मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया नेहमीची झाली आहे. पायाचं काही बिघडू नये म्हणून खालचा सुमारे ६ ते ८ सेंमी भाग घोट्याच्या स्थैर्यासाठी जागेवर ठेवतात, आणि वरचाही काही सेंमी ठेवतात, कारण फिब्युलाच्या मानेभोवती कॉमन फिब्युलर नर्व्ह आहे. धमनी मागच्या कप्प्यात हाडाला चिकटून जाते ही सातव्या पायरीतली गोष्ट नीट कळली असेल तर हाच तुकडा का निवडतात तेही कळतं.

असेटॅब्युलममध्ये त्याच कुळातला ‘बुलुम’ आहे. असेटम म्हणजे व्हिनेगर, असेटॅब्युलम म्हणजे ते ठेवायची छोटी वाटी, कमरेच्या हाडातली खोल खोबण. क्लॅव्हिक्युला मात्र खरंखुरं लघुरूप: क्लाविस म्हणजे किल्ली, त्याला ‘कुला’.

सरावासाठी आता पुस्तक न उघडता एक नाव सोडवा: इन्सिसुरा रेडियालिस. खाच, आणि रेडियसचं (कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडच्या हाडाचं) विशेषण. ती रेडियसवर शोधायची की शेजारच्या हाडावर? सहाव्या पायरीचा नियम लावा, मग बोन सेटमधून अल्ना, म्हणजे ते शेजारचं हाड, काढा आणि तिच्या वरच्या टोकाच्या बाहेरच्या बाजूला बोट फिरवा.